आईचं चालणं

मंगळवार, ४ नोव्हेंबर

काल सकाळी मी आईच्या जुन्या चपला वर्तमानपत्रात गुंडाळून स्टुडिओत नेल्या. ही आंघोळीला गेली होती, आई खिडकीपाशी डोळे मिटून जप करत होती. पलंगाखालचा चपलांचा खोका फरशीवर घासू नये म्हणून मी तो आधी उचलला आणि मग बाहेर घेतला. आवाज करणं हाच माझा धंदा, त्यामुळे आवाज न करणंही येतं.

स्टुडिओ तळघरात आहे. जमिनीत चौकोन केलेत. एकात फरशी, एकात लाकडी फळ्या, एकात वाळू, एकात खडी. समोर पडद्यावर चित्र चालू असतं आणि त्यातलं माणूस जसं चालेल तसा मी त्या चौकोनांत चालतो. शूटिंगच्या वेळी पावलांचे आवाज नीट येत नाहीत, ते नंतर असे भरावे लागतात. याला फोली म्हणतात. सव्वीस वर्षं मी नट्यांची, पोलिसांची, चोरांची, भुतांची पावलं टाकत आलोय. भुताची सगळ्यांत सोपी. चुकली तरी कुणी तक्रार करत नाही.

काल पडद्यावर काहीच नव्हतं. फरशीच्या चौकोनाला रोजच्यासारखा हात लावून नमस्कार केला आणि आईच्या चपला पायांत सरकवल्या. टाचा दोन बोटं बाहेर आल्या. अंग थोडं पुढे, पावलं छोटी आणि भराभर, वळताना डावी चप्पल टाचेवर आपटल्याची एक चटक. अकरा पावलं, वळण, सात पावलं. तेवढ्यात रेकॉर्डिस्ट आला. जाड मिशांमुळे त्याला सगळे मिशाच म्हणतात.

“मास्तर, आज कुणाची बाई?”

“आहे एका मालिकेतली म्हातारी.”

“म्हातारी तुरुतुरु चालतेय की. तुमच्यापेक्षा तरुण दिसतेय.”

तिसऱ्यांदा मनासारखं झालं. मागे घरातली शांतता हवी, नाहीतर तळघर ओळखू येतं. ती मी परवा दुपारी आईच्या खोलीत छोट्या यंत्रावर घेऊन ठेवली होती. पंखा, लांबचा रस्ता, बाकी काही नाही. ती पावलांखाली अंथरली आणि संध्याकाळी धाकट्याला पाठवून दिलं. खाली लिहिलं, “आईचं चालणं. आज घरीच घेतलं.”

कुणाला सांगता येत नाही म्हणून इथे लिहितो. या वहीत तरी खोटं लिहायचं नाही.

धाकटा म्हणजे माझा भाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. तो सिनेमे दिग्दर्शित करतो. पहिले दोन आपल्या भाषेत केले. त्यांतली सगळी पावलं माझी. दुसरा कुठल्याशा महोत्सवात गाजला आणि एका थंड देशातल्या लोकांनी त्याला बोलावून घेतलं. तिथली भाषा त्याला ओ की ठो येत नव्हती. दुभाष्या शेजारी उभा करून सिनेमा केला, तोही गाजला. मग आणखी एका देशात, मासेमारी करणाऱ्या लोकांत, आणखी एका भाषेत. बारा वर्षं झाली, तो तिकडचाच. नवा सिनेमा आईवर आहे. म्हणजे आमच्या आईवर, पण नटी तिकडची, घर तिकडचं, अंगणात बर्फ.

आणि पावलं टाकायला तिकडची बाई. “दादा, ज्यांच्या मदतीने सिनेमा होतोय त्यांची अटच आहे, आवाजाचं काम इथेच झालं पाहिजे. मी खूप भांडलो रे.” भांडला असेल. मग गेल्या आठवड्यात परत फोन. “एक काम कर ना. आईचं चालणं घेऊन पाठव. त्या बाईला ऐकवतो, त्यावरून ती करेल. व्हिडिओ नको, नुसता आवाज. चित्र आलं की कान झोपतो.”

हे शेवटचं वाक्य माझं आहे. त्याला मीच शिकवलेलं.

सव्वीस वर्षं मी जगाच्या आयांची पावलं टाकली. आता माझ्या आईची पावलं परकी बाई टाकणार आणि मी तिला नमुना धाडणार. शिंप्याकडे मापाला जुना सदरा नेऊन देतात तसा.

दुसरंही कारण आहे. आई गेल्या वर्षी न्हाणीत पडल्यापासून काठी घेते. हे तिने धाकट्याला कळू दिलेलं नाही. “तिकडे एकटा काळजी करत बसेल.” फोनच्या पडद्यावर त्याला दिसायचं असलं की ती आधीच खुर्चीत बसून घेते आणि काठी पडद्याआड उभी करते. तिचं आत्ताचं चालणं पाठवलं असतं तर तिचा शब्द मोडला असता. म्हणून मी तिचं मूळचं चालणं पाठवलं. ते मला तिच्यापेक्षाही जास्त पाठ आहे.

यातलं खरं कारण कोणतं, ते देवाला ठाऊक.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

धाकट्याचा निरोप आला, त्याच्याच आवाजात. “दादा, पाच वेळा ऐकलं. वळताना ती चपलेची चटक! मी पार विसरून गेलो होतो. डोळे मिटले आणि घरी पोचलो.”  त्याच्या फोलीवाल्या बाईनेही ऐकलं आणि म्हणाली, या बाईंना मला एकदा भेटायचंय.

मी तो निरोप सात वेळा ऐकला.

आज एका मालिकेतल्या सासूची पावलं होती. तीही माझ्या नकळत तशीच पडायला लागली. मिशा काचेमागून म्हणाला, “मास्तर, ही सासू फारच मायाळू चालतेय. सुनेच्या दुधात काहीतरी कालवायला निघालीय ती. जरा विष येऊ द्या.”

रविवार, ९ नोव्हेंबर

धाकट्याचा फोन. आई खुर्चीत, काठी पडद्याआड, ही मागे उभी, मी दाराशी.

तो डिसेंबरात पंधरा दिवस येणार होता. आज म्हणाला, आता येत नाही. “वहिनी, चिडू नका. खरं सांगू? मला भीती वाटत होती. आई सारखी बसलेलीच दिसते, वाटायचं तुम्ही लोक माझ्यापासून काहीतरी लपवताय. ते चालणं ऐकलं आणि जीव भांड्यात पडला. आई, अजून तशीच भराभर चालतेस की गं! आता हा सिनेमा नीट पुरा करतो आणि पुढच्या वर्षी निवांत येतो.”

आई म्हणाली, “ये सावकाश. मी कुठे पळून जातेय.” आणि खिडकीकडे बघायला लागली.

मला बरं वाटलं. वाटलं तसं लिहितो. तो आला की घराला कार्य निघाल्यासारखं होतं. आईच्या तोंडी दिवसभर त्याचंच नाव. माझ्याकडे घड्याळाकडे बघावं तसं बघतात, किती वाजले ते कळण्यापुरतं.

फोन संपल्यावर ही स्वयंपाकघरात भांडी आदळत होती. मी पाणी प्यायला गेलो तर म्हणाली, “तुम्ही आईंना चालायला कधी लावलंत? सोमवारी मी घरातच होते.”

“तू आंघोळीला गेली होतीस तेव्हा.”

“दहा मिनिटांत?”

“अगं, चालायला कितीसा वेळ लागतो?”

“आईंना? त्या पलंगापासून दारापर्यंत येईस्तोवर माझा चहा उकळून, गाळून होतो.” मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “त्यांनी कॅलेंडरवर रोजची एक फुली मारायला सुरुवात केली होती. भाऊजी यायचे म्हणून.”

मला ते माहीत नव्हतं. कॅलेंडर आईच्या खोलीत दारामागे आहे.

बुधवार, १२ नोव्हेंबर

मिशाने एक मासिक आणून दिलं. त्यात धाकट्याची मुलाखत आणि बर्फात उभा असलेला फोटो. (बर्फाचे आवाज मी वर्षानुवर्षं चामड्याच्या पिशवीत मक्याचं पीठ भरून काढले. मागे एकदा तो म्हणाला होता, “दादा, खरा बर्फ असा वाजत नाही रे.” त्याला आता खरा बर्फ माहीत आहे.)

विचारलंय, भाषा येत नसताना दिग्दर्शन कसं करता? उत्तर असं: “मी नटाला चालायला लावतो आणि डोळे मिटतो. माणसाला खोटं बोलता येतं, खोटं चालता येत नाही.”

कोणाकडून शिकलात?

“आईकडून. आमच्या घरात सगळं पावलांवरून कळायचं.”

आईकडून! आई दिवसभर सूतगिरणीत उभी असायची, ती कधी शिकवणार? शाळा सुटल्यावर फरशीला कान लावून मी पडायचो आणि त्याला सांगायचो, आली, गल्लीच्या तोंडाशी आहे, आज दमलीय, आज हातात जड पिशवी आहे. तो टाळ्या पिटायचा. एवढंच त्याचं काम. टाळ्या पिटणाऱ्याचा फोटो आला आणि कान लावणारा तळघरात राहिला.

पुढे आणखी आहे: “इकडे मी परका, मायदेशी गेलो की पाहुणा. दोन्हीकडे दारातच उभा असल्यासारखं वाटतं.” वाक्य झकास आहे. लोकांना असली वाक्यं आवडतात.

मिशा म्हणाला, “तुमचं नाव कुठे सापडलं नाही, मास्तर.”

“आपलं नाव सापडलं तर आपलं काम बिघडलं समजायचं,” मी म्हणालो. तो हसला. मी हसलो नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

धाकट्याने सिनेमातला चार मिनिटांचा तुकडा बघायला पाठवला. मी आणि ही जेवणाच्या टेबलाशी बसून बघत होतो.

एक लाकडी घर. दहा वर्षांचा एक मुलगा जमिनीला कान लावून पालथा पडलाय. तोंड उघडं, एक बोट प्रत्येक पावलाबरोबर जमिनीवर हलतंय. आई लांबून येतेय. मुलगा उठतो, पेला भरतो आणि दार उघडून पाणी घेऊन उभा राहतो. आई पाणी पिते आणि त्याच्या डोक्यावरची टोपी नीट करते. दोघंही एक शब्द बोलत नाहीत.

मुलगा एकच आहे. घरात आम्ही दोघं होतो.

शिवाय तो असला नव्हताच! धाकटा दोन मिनिटं एका जागी पडायचा नाही. पाण्याचा पेला घेऊन तर जन्मात उभा राहिला नाही, तो थेट तिच्या पिशवीत हात घालायचा. आणि तोंड उघडं टाकून ऐकायची खोड त्याची कुठली? स्वतःला गुणी दाखवण्यासाठी माणूस काय काय रचतो.

हे मी हिला सांगत होतो. ही माझ्याकडे बघून हसायलाच लागली. “अहो, आधी तुमचं तोंड मिटा. कधीचं उघडं आहे.” मग पदराने डोळे पुसले. हिला काय झालं मला कळलं नाही.

मी लगेच त्याला फोन लावला. “घरात मुलं दोन होती.”

“हो. लिहिताना दोनच होती. नंतर एक काढावा लागला.”

“आणि काढायला मीच सापडलो.”

तो मग म्हणाला, “दादा, तू नीट बघितलंस?”

“बघितलं.”

“परत बघ.”

मी फोन ठेवला. परत बघितलं नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

देवासमोर उभा राहिलो, पण नाव घेता घेता मनात त्याचाच हिशेब चालू झाला, कोणी कोणाकडून काय घेतलं. तसाच परत फिरलो. दिवा हिने लावला.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

आज जे झालं ते मला नीट सांगता येईल की नाही माहीत नाही.

फोलीवाल्या बाईने आईची पावलं टाकायला नकार दिला. धाकटा सांगत होता, तिने आठ दिवस प्रयत्न केला. मग म्हणाली, मूळ आवाज इतका पुरा आहे की त्याच्यापुढे माझं नाटक वाटतं, तोच वापरा. त्या अटीच्या लोकांनाही ते पटलं, म्हणाले, ही फोली नव्हे, खुद्द आईचाच आवाज आहे, चालेल. तेव्हा मी पाठवलेली पावलंच कापून, जुळवून सबंध सिनेमाभर नटीच्या पायांखाली बसवली आहेत. आणि शेवटी नावं येतात त्यात सगळ्यांत आधी, एकटी ओळ असेल: “पावलं: आई.”

सव्वीस वर्षांत माझं नाव एकट्या ओळीत कधी आलं नाही. नावांची झुंबड पळत असते, लोक उठून दाराकडे निघालेले असतात, त्यात कुठेतरी मी. आणि जन्मातलं सगळ्यांत चांगलं काम झालं, ज्याच्यापुढे त्या परदेशी बाईने हात टेकले, त्याच्यावर नाव आईचं.

मला आईचा हेवा वाटला. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माउलीचा. या वहीत खोटं नाही असं मीच ठरवलंय.

धाकट्याने ते फोनवर आईला ऐकवलंही. “आई, ऐक, तुझी पावलं.” आई मान कलती करून शेवटपर्यंत ऐकत राहिली. मी दाराची चौकट धरून उभा. आता आई म्हणणार, मी कधी चालले बाबा? पण ती शांतपणे म्हणाली, “हो हो. दादाने घेतली होती ना सोमवारी. म्हणाला चाल, मी चालले.”

नंतर तिने माझ्याकडे पाणी मागितलं. बाकी काही नाही.

वयामुळे तिला हल्ली विसर पडत असावा. तिला खरंच वाटतंय की ती चालली होती.

सोमवार, २४ नोव्हेंबर

आईने शेजारणीला सांगितलं. शेजारीण सगळ्या मजल्याला. दुपारी दोघी-तिघी जमल्या होत्या.

“काय हो आजी, आता आमच्याशी बोलाल ना?”

“बोलेन की. पण चालून दाखवणार नाही. त्याचं तिकीट पडतं.”

एवढी हसताना तिला मी बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं. त्या गेल्यावर मात्र ती काठीवर दोन्ही हात ठेवून, त्यावर हनुवटी टेकवून बसून राहिली. दारामागचं कॅलेंडर मी आज बघितलं. आठ तारखेनंतर फुल्या नाहीत.

संध्याकाळी धाकट्याचा फोन. “दादा, एक गंमत. आमची बाई विचारत होती, त्या आवाजात चालणारी कोण आणि झोपलेली कोण? म्हणते, मागे कुणाचा तरी झोपेतला श्वास आहे, म्हाताऱ्या माणसाचा. मी म्हटलं, आमचे दादासाहेब यंत्र चालू करून घोरत पडले असणार!”

मीही हसलो. म्हणालो, “असेल.”



गुरुवार, २७ नोव्हेंबर

तीन दिवस ते ऐकायचं टाळलं. आज जेवणाच्या सुट्टीत मिशा बाहेर गेल्यावर कानाला हेडफोन लावून ती मूळची शांतता ऐकली. पावलांशिवायची, आईच्या खोलीत त्या दुपारी घेतलेली. ती पलंगावर झोपली होती आणि मी यंत्र टेबलावर ठेवून गेलो होतो. माझ्या लेखी ती खोली रिकामी होती.

पंखा. रस्ता. आणि त्यांच्यामध्ये आई. दोन आखूड श्वास, मग थांबणं, मग एक लांब, शेवटी अडकत जाणारा. पुन्हा दोन आखूड. चार मिनिटं सगळं तेच. परक्या बाईला ते एका ऐकण्यात कळलं. मी त्याच भिंतीपलीकडे रोज झोपतो, शिवाय हे कापायला, जुळवायला त्या दिवशी तासभर ऐकलं होतं, आणि मला पंखाच ऐकू आला.

मग आठवायला लागलो, काठी धरल्यापासून आई कशी चालते? डोळ्यांसमोर आलं, कानात काहीच आलं नाही. मी पाठवलेलं चालणं कधीचं आहे तेही आज मोजलं. गिरणीतून येतानाचं. तेव्हा ती माझ्या आजच्या वयाहून लहान होती.

आणि तेवढ्यावर विसंबून धाकटा यायचा थांबला.

मिशा परत आला. “काय मास्तर, डोळे लाल? खडीची धूळ गेली काय?”

“हो.”

त्याने पाण्याची बाटली पुढे केली.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

स्टुडिओत गेलो नाही. ही बाजारात गेल्यावर आईजवळ जाऊन बसलो. कसं सुरू करावं कळेना.

“आई, ते चालणं तुझं नाही.”

“माहितेय.”

“तुला आठवत होतं?”

“अरे, न आठवायला काय झालं! माझी चटक बरोबर मारलीस. पण टाच तू आधी टेकवतोस, लहानपणापासून. तुझं चालणं मला कळणार नाही का?”

“मग सांगितलं का नाहीस त्याला?”

आई पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिली. “त्याला बरं वाटलं होतं. तुझाही चेहरा किती दिवसांनी जरा उजळला होता. म्हटलं, कुणाचा चेहरा पाडू?”

मी खाली बघत बसलो. म्हणालो, “तो येणार होता ना.”

“हो ना,” आई म्हणाली. एवढंच. पण ते इतकं हळू होतं की मला त्याच क्षणी उठून जावंसं वाटलं. गेलो नाही.

“आई, तू चाल. काठी घेऊन. मी ते पाठवतो.”

“त्याला कळेल की रे.”

“कळू दे.”

“सिनेमा बिघडेल त्याचा.”

“बिघडला तर बिघडला.”

ती मग म्हणाली, “आणि तुझं कसं करणार? आधीचं कोणाचं म्हणून सांगशील?”

 “सोमवारी घेऊ,” म्हणालो आणि उठलो.

शनिवार, २९ नोव्हेंबर

एक वाट आहे. तेच काम परत केलं असं सांगायचं. “आधीचं नीट आलं नव्हतं, हे वापर. मध्यंतरी आईचा पाय मुरगळला.” तो येईलही आणि माझंही झाकलेलं राहील. दिवसभर हे मनात घोळवलं. मंगळवारी सगळे आवाज कायमचे एकत्र बसवणार आहेत, त्यानंतर काही बदलता येणार नाही.

त्या मासिकातलं त्याचं वाक्य आज राग न येता वाचता आलं. दोन्हीकडे दारातच उभा. मी त्याला कधी विचारलं नाही, तिकडे जेवतोस कुणाबरोबर.

सोमवार, १ डिसेंबर

सकाळी साडेनऊला घेतलं. पंखा बंद केला. ही दाराशी उभी होती, “मी श्वाससुद्धा घेत नाही,” म्हणाली. तिला मी शनिवारीच सगळं सांगितलं होतं. “मला वाटलंच होतं,” एवढंच म्हणाली होती. पुढे जे म्हणाली ते इथे लिहीत नाही, माझ्याच लायकीचं होतं.

आई पलंगावरून उठताना म्हणाली, “कसं चालू? माझ्यासारखं?”

“तुझ्यासारखं.”

सुरुवातीला ती उगीच ताठ चालली, काठी न टेकवता, दोन पावलं. मी यंत्र बंद केलं. “आई, तो बघत नाहीये.” मग ती चालली.

मी डोळे मिटले. काठी. पाऊल. दुसरं पाऊल त्याच्या मागून घासत. थांबली. दोन आखूड श्वास. काठी. पाऊल. पलंगापासून दारापर्यंत अठरा पावलं आणि पाच वेळा थांबणं. दाराची कडी धरली तेव्हा कडी किंचित थरथरली, तेही आलं. अशी पावलं मला टाकता येणार नाहीत. जे पाय उद्या जमिनीवर असतील की नाही याची खात्री नाही, ते कसे पडतात हे माझ्या पायांना ठाऊक नाही.

काहीही कापलं नाही. जसंच्या तसं ठेवलं.

मग लिहायला बसलो. आधी बरंच काही लिहिलं, सव्वीस वर्षं, फरशीला लावलेला कान, मुलाखत. सगळं खोडलं. शेवटी एवढं राहिलं:

“हे आईचं चालणं आहे, आज सकाळचं. ती वर्षभरापासून काठी घेते, तुला सांगू दिलं नाही. आधीचं चालणं तिचं नव्हतं. तिच्या चपला घालून मी चाललो होतो, स्टुडिओत. त्या बाईंना सांग, झोपलेली होती ती आई, आणि त्यांचे कान माझ्याहून चांगले आहेत. तुला परकी बाई बोलवावी लागली याचा मला राग होता. ती ‘पावलं: आई’ची ओळ काढून टाक. सिनेमाचं काय करायचं ते तू ठरव, पण तिकीट काढ. तिने कॅलेंडरवर फुल्या मारल्या होत्या, तू येत नाहीस म्हटल्यावर थांबवल्या.”

ही मागून वाचत होती. म्हणाली, “‘दादा’ लिहिलं नाहीत शेवटी.”

“तो म्हणेल तर लिहीन पुढच्या वेळी.”

पाठवायच्या बटणावर बोट बराच वेळ नुसतंच ठेवून बसलो होतो. आई दाराशी तशीच उभी, कडी धरून, परत पलंगापर्यंत जायचं बळ गोळा करत.

“गेलं का रे?” तिने विचारलं.

मी दाबलं.

“गेलं,” मी म्हणालो आणि तिला धरायला उठलो.